वर्गात जुने भयपट दाखवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपट रसास्वादाच्या वर्गात भयपटांचं सत्र घ्यायचं ठरलं की हे प्रश्न हमखास येतात. उत्तरं माझ्या शिकवण्यातून आलेली आहेत, त्यामुळे माझी आवडनिवडही त्यात डोकावणारच.

निवड कुठून सुरू करायची? सगळ्यात भीतीदायक चित्रपट शोधायचा का?

त्या वाटेला जाऊच नका. १९३१ साली ज्या चित्रपटानं लोकांची झोप उडवली, तो पाहून आजच्या विशीतल्या मुलाला जांभई येऊ शकते. आणि समजा वर्ग खरोखर घाबरला, तरी त्यातून शिकवायचं काय? मी एकच गोष्ट बघते. भीती नेमकी कुठे तयार झाली तिथे चित्रपट थांबवून पडद्यावर बोट ठेवता येतं का? एखाद्या सावलीवर, एखाद्या कटवर, अचानक थांबलेल्या आवाजावर? येत असेल तर तो वर्गात दाखवायचा. नसेल तर कितीही भारी असला तरी घरी बघायचा.

म्हणून यादी करायच्या आधी विषय ठरवा. नेपथ्य शिकवायचंय की संकलन, आवाज की कॅमेरा? ते पक्कं झालं की अर्धी यादी आपोआप गळते.

‘अभिजात’ म्हणजे कुठपर्यंतचे?

मी १९२० ते १९८० असा पट्टा धरते. ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी’ या जर्मन मूकपटापासून ‘द शायनिंग’पर्यंत. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

सुरुवात मूकपटानं करावी का? मुलं कंटाळतील अशी भीती वाटते.

करावी, पण ‘कॅलिगरी’नं. वेडीवाकडी घरं, तिरक्या खिडक्या, रंगवलेले रस्ते पहिल्या पाच मिनिटांतच समोर येतात, त्यामुळे ‘हे असं का?’ हा प्रश्न विद्यार्थीच विचारतात. एक सावली शोधायला सांगा: दिव्यानं पडलेली नव्हे, भिंतीवर किंवा जमिनीवर ब्रशनं रंगवलेली. ती सापडली की जर्मन अभिव्यक्तिवाद (मनातली घालमेल वेड्यावाकड्या आकारांत दाखवणारी शैली) समजावताना निम्मं बोलणं वाचतं. चित्रपट सव्वा तासाचा आहे. मुख्य गोष्ट एक माणूस बाकावर बसून सांगतोय, ही चौकट सुरुवातीलाच लक्षात आणून द्या. शेवटी तिचा उपयोग होतो.

मुर्नाऊचा ‘नोस्फेरातू’ (१९२२), म्हणजे ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरचा पिशाच्चपट, त्यानंतरच्या तासाला घ्या. कॅलिगरीतलं सगळं जग रंगवलेलं. इथे मात्र खरे डोंगर, खरा किल्ला, खरी बंदरं, आणि त्या खऱ्या जगात तो उंदरासारख्या दातांचा माणूस. हे दोन लागोपाठ पाहिले की स्टुडिओ आणि बाहेरचं चित्रण यांतला फरक पाठ करावा लागत नाही.

प्रत कोणती घ्यायची? सगळ्या सारख्याच ना?

अजिबात नाही. हे मी चांगलीच तोंडावर आपटून शिकले.

पहिल्या वर्षी मी ‘नोस्फेरातू’ची हाताला लागली ती फुकटची कृष्णधवल प्रत लावली. संगीत म्हणून कुणीतरी ऑर्गनचं एक रेकॉर्डिंग वरून चिकटवलेलं, पडद्यावर काय चाललंय याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. मी आधीच मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं की मूळ कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही फिरू शकतो, पण उन्हानं पिशाच्च मरतं ही कल्पना या चित्रपटानं रुजवली. आणि पडद्यावर काउंट ऑरलॉक, म्हणजे या चित्रपटातलं पिशाच्च, स्वतःची शवपेटी काखोटीला मारून लख्ख उन्हात शहरातून चाललाय. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, हा मेला कसा नाही अजून?” त्यानंतर वर्ग आवरायला मला दहा मिनिटं लागली.

भानगड अशी की त्या काळात रात्रीची दृश्यं दिवसा चित्रित करत आणि नंतर ती पट्टी निळ्या रंगात रंगवत. निळं म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. प्रेक्षकाला ही भाषा ठाऊक होती. रंग उडालेल्या प्रतीत रात्र आणि दिवस एकच होतात आणि ज्या पहाटेवर सगळा शेवट उभा आहे तिला अर्थच उरत नाही. त्यामुळे रंगछटा परत आणलेली, जीर्णोद्धार केलेली प्रतच घ्या.

मूकपटांच्या बाबतीत वेगही तपासा. ते बहुधा सेकंदाला २४पेक्षा कमी चौकटींच्या (फ्रेमच्या) वेगानं चित्रित झालेले असतात. तेच २४नं चालवले की माणसं तुरुतुरु पळतात आणि भयपटाचा विनोदपट होतो. लांबी हा सोपा इशारा आहे: ‘नोस्फेरातू’ तासाभरात आटपत असेल तर काहीतरी गडबड आहे, चांगली प्रत दीड तासाच्या आसपास जाते.

आता त्या फसलेल्या प्रतीतली तीन मिनिटं मी मुद्दाम जपून ठेवली आहेत. आधी ती दाखवते, मग चांगली. रंग काय काम करतो यावर मला वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

तासिका दीड तासाची आहे. एवढ्यात चित्रपट आणि चर्चा दोन्ही कसं बसवायचं?

तीस-चाळिशीच्या दशकातले हॉलिवूडचे भयपट याच कामाचे. ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१९३१) ७१ मिनिटं, ‘कॅट पीपल’ (१९४२) ७३, ‘आय वॉक्ड विथ अ झोंबी’ (१९४३) ६९. पूर्ण चित्रपट होतो आणि वर पंधरा-वीस मिनिटं बोलायला उरतात.

लांब चित्रपटांचं वेगळं. जपानी दिग्दर्शक कोबायाशींचा ‘क्वायदान’ (१९६४) तीन तासांचा आहे, पण त्यात चार स्वतंत्र कथा आहेत. हिमस्त्रीची कथा साधारण पाऊण तासाची, तेवढीच दाखवा. स्टुडिओत रंगवलेल्या आकाशातून मोठाले डोळे खाली बघतायत, ही एक चौकट कॅलिगरीच्या शेजारी ठेवली तर चव्वेचाळीस वर्षांचं अंतर एका झटक्यात मिटतं. आवाज बारकाईनं ऐकायला लावा. संगीतकार ताकेमित्सूंनी संगीत आणि नुसता आवाज यांतली रेघच पुसून टाकलीय.

इतर चित्रपट मात्र तोडून दाखवू नका. भयपटाचा पहिला अर्धा तास ‘काहीच घडत नाही’ असा वाटतो, पण पुढचं सगळं त्याच्याच जिवावर उभं असतं.

विद्यार्थी हसतात. फार अपमान झाल्यासारखं वाटतं.

हसू द्या. दोन प्रकारचं हसू असतं आणि ते ओळखता यायला हवं. एक जुनेपणाला हसणं: नटाचे मोठाले हावभाव, रबरी वटवाघूळ. दुसरं ताण सुटल्याचं हसू, जे दचकल्यानंतर लगेच येतं. दुसरं आलं तर दिग्दर्शकाला दाद मिळाली असं समजा.

पहिल्यासाठी मी ‘फ्रँकेन्स्टाइन’ वापरते. तो सपाट डोक्याचा राक्षस मुलांनी लहानपणापासून खेळण्यांवर, कार्टूनमध्ये पाहिलेला असतो, त्यामुळे तो येणार म्हटल्यावर खसखस पिकतेच. मग तो येतो, तोही पाठमोरा. हळूच वळतो. कॅमेरा कटाकटानं चेहऱ्याजवळ जातो, शेवटी फक्त त्या अर्धवट मिटलेल्या पापण्या. तरी थोडं हसू उरतंच. पुढच्याच मिनिटात डॉक्टर छतातली झडप उघडतो, वरून उजेड येतो आणि तो राक्षस वर बघत दोन्ही हात उजेडाकडे उचलतो, पकडता येईल अशा आशेनं. झडप बंद होते. हात तसेच राहतात. मी आजवर या क्षणाला एकही वर्ग हसताना पाहिला नाही. राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफचं नाव सुरुवातीच्या श्रेयनामावलीत नाही, तिथे नुसतं प्रश्नचिन्ह आहे, हेही दाखवा.

याच चित्रपटातलं तळ्याकाठच्या लहान मुलीचं दृश्य अनेक वर्षं कापलेल्या रूपात दाखवलं जायचं. राक्षस तिच्याकडे हात पुढे करतो आणि कट. पुढे थेट बाप तिचा मृतदेह उचलून चालतोय. कापलेला भाग १९८०च्या दशकात परत जोडला गेला. त्यात दिसतं की पाण्यावर फुलं तरंगतात तशी ही पण तरंगेल, एवढंच त्या बिचाऱ्याला वाटलं होतं. कात्रीनं दृश्य सौम्य केलं नाही, उलट प्रेक्षकाच्या मनात कितीतरी घाणेरडं काहीतरी घडवून ठेवलं. संकलनावर याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

एकच दृश्य तासभर शिकवायचं असेल तर कुठलं?

‘कॅट पीपल’मधला रस्ता.

स्टुडिओनं निर्माता व्हाल ल्यूटनच्या हातात आधी फक्त नाव दिलं होतं, याच नावाचा चित्रपट कर म्हणून. पैसे बेताचे, सेट दुसऱ्या चित्रपटांचे उरलेले. गोष्ट इरेनाची, जिला आपण बिबट्या होऊ अशी भीती वाटते. बिबट्या दाखवायचा तर खर्च, आणि दिसला की भीती गेली. त्यानं आणि दिग्दर्शक जॅक टर्नरनं बराच काळ तो दाखवलाच नाही.

रात्र. बागेच्या दगडी भिंतीलगतचा रस्ता, मध्ये मध्ये दिव्याचे गोल. अ‍ॅलिस पुढे चालतेय, मागून इरेना. पार्श्वसंगीत नाही. फक्त टाचांचा आवाज, दोघींचा. कॅमेरा एकदा हिच्यावर, एकदा तिच्यावर. मग मागच्या टाचांचा आवाज बंद होतो. अ‍ॅलिस मागे बघते, रस्ता रिकामा. ती भरभर चालू लागते, मग जवळजवळ पळते, आणि एकदम कानाजवळ फिस्कारल्यासारखा आवाज. चौकटीत बाजूनं बस घुसते. तो तिच्या ब्रेकचा आवाज होता.

आता कामाला लावा. पहिल्यांदा नुसतं बघायचं. दुसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐकायचं. तिसऱ्यांदा आवाज बंद करून बघायचं आणि कट मोजायचे. मागचा आवाज नेमका कुठल्या शॉटनंतर थांबला, यावर वर्गात भांडण झालंच पाहिजे. झालं नाही तर पुन्हा लावा. फसवी दचकवणी आजही प्रत्येक भयपटात असते, मांजर उडी मारतं किंवा मित्र खांद्यावर हात ठेवतो. या युक्तीला भयपटवाल्यांमध्ये अजूनही ‘ल्यूटन बस’ म्हणतात.

बस गेल्यावर लगेच थांबवू नका. अ‍ॅलिस वर बघते, फांद्या हलतायत. पुढे मेलेल्या मेंढ्या, मातीत पंजांचे ठसे, आणि चालता चालता ते ठसे बाईच्या बुटांचे होतात. शब्द एक नाही.

‘सायको’चा शेवट सगळ्यांना माहीत असतो. मग दाखवण्यात काय अर्थ?

माहीत असतो म्हणूनच. गोष्टीची उत्सुकता संपलेला प्रेक्षक हातचलाखीकडे बघायला मोकळा असतो. नॉर्मन आईला उचलून खाली नेतो तो जिन्यावरचा शॉट घ्या: कॅमेरा जिना चढत चढत थेट छताला जाऊन चिकटतो आणि वरून बघतो. दिसायला डौलदार, पण तो तिथे चढला कारण आईचा चेहरा दाखवायचा नव्हता.

न्हाणीघराच्या दृश्याला सात दिवस लागले होते. तिथे प्रयोग एकच: आधी आवाज बंद करून, मग लावून. दिग्दर्शक हिचकॉकला तिथे संगीत नकोच होतं, संगीतकार बर्नार्ड हरमननं फक्त तंतुवाद्यांवर ते रचलं आणि ऐकल्यावर हिचकॉकनं मत बदललं. दोन्ही ऐकल्यावर वर्गाचं मत घ्या. दर वर्षी एखादी तरी मुलगी म्हणते की मुकं जास्त भयानक होतं, आणि तिच्याशी वाद घालणं सोपं जात नाही.

रक्त, हिंसा, नग्नता: मर्यादा कुठे आखायची?

वर्गाच्या वयावर आणि संस्थेच्या नियमांवर. पण पूर्वसूचना प्रत्येक वेळी द्या, प्रौढांच्या वर्गातही, आणि नेमकी द्या. ‘काही दृश्यं विचलित करू शकतात’ हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. ‘आइज विदाउट अ फेस’मध्ये चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचं लांब दृश्य आहे, ‘रोजमेरीज बेबी’त बलात्कार आहे, ‘ओनिबाबा’त नग्नता आहे, असं सरळ सांगा. ज्याला बाहेर जायचंय त्याला कारण न विचारता जाऊ द्या, आणि बदली काम आधीच तयार ठेवा.

नावावरून मात्र ठरवू नका. ‘द टेक्सास चेन सॉ मॅसकर’ (१९७४) ऐकून पालकांचे फोन येतील, पण त्यात पडद्यावर दिसणारं रक्त नावाच्या मानानं फारच थोडं आहे. मी तरी तो विशीखालच्यांना दाखवत नाही. त्यातला तो न संपणारा आरडाओरडा रक्तापेक्षा जड जातो.

हिंदीतला एखादा घेता येईल का?

‘महल’ (१९४९), आणि तोही कॅलिगरी-नोस्फेरातूच्या आठवड्याला जोडून. छायाचित्रण योसेफ विर्शिंग यांचं. जर्मनीतून आलेला हा माणूस बॉम्बे टॉकीजमध्ये रमला. झुंबर, झोके, लांब जिने, अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा काळोखात: जर्मन सावल्या हिंदी चित्रपटात शिरल्याचा इतका थेट पुरावा दुसरा नाही.

‘आयेगा आनेवाला’ ध्वनीसाठी शिकवा. लताबाई सांगत की ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्या मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहून सुरुवात करायच्या आणि गात गात जवळ यायच्या. आवाज वाड्यातून आपल्याकडे येतोय असं वाटतं ते त्यामुळे. गाणी आली की भीती पातळ होते, असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला हे एवढं ऐकवा. चित्रपट लांब आहे, दुसऱ्या भागात रेंगाळतोही. दोन सत्रांत विभागलात तरी चालेल.

साठच्या दशकातून काय घ्यावं? यादी फार लांबते.

दोन जुळे घ्या: ‘द इनोसंट्स’ (१९६१) आणि ‘द हाँटिंग’ (१९६३). दोन्ही कृष्णधवल, दोन्ही रुंद पडद्यावरचे, दोन्हींत एक बाई आणि एक मोठं घर. पहिल्यात भुतं दिसतात, तीही भर दिवसा, तळ्यापलीकडे लव्हाळ्यात उभी. दुसऱ्यात एकही दिसत नाही, फक्त भिंतीपलीकडून धडका आणि आत फुगत येणारं एक दार. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसनं ‘द इनोसंट्स’साठी कडा काळ्या रंगवलेले फिल्टर वापरले, म्हणजे रुंद चौकटीच्या दोन्ही टोकांना कायम अंधार साचलेला राहतो. ‘द हाँटिंग’चा रॉबर्ट वाइज दिग्दर्शनात उतरला तोच ल्यूटनच्या हाताखाली, त्यामुळे बसवाल्या तासाचा धागा इथे आपसूक पकडता येतो.

एक सूचना: ‘द इनोसंट्स’ काळ्या पडद्यावर नुसत्या गाण्यानं सुरू होतो. प्रोजेक्टर बिघडला म्हणून कुणीतरी उठतंच. आधी सांगून ठेवा.

१९६८चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ वेगळ्या आठवड्याला. थोड्या पैशात, स्टुडिओबाहेर, बातम्यांच्या चित्रफितीसारखा काढलेला. नायक कृष्णवर्णीय, आणि कथेत त्याच्या रंगाचा उल्लेखही नाही. शेवटची स्थिरचित्रं येईपर्यंत दिवे लावू नका.

हक्कांचं काय?

देशागणिक नियम वेगळे. वर्गातल्या दाखवण्याला बऱ्याच ठिकाणी सवलत असते, सार्वजनिक खेळाला नसते. तुमच्या ग्रंथपालांना विचारा. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ अमेरिकेत पहिल्या दिवसापासून हक्कमुक्त आहे, कारण वितरकानं चित्रपटाचं नाव बदलताना हक्काची ओळच गाळली. पण एक लक्षात ठेवा, मूळ चित्रपट मोकळा असला तरी नव्यानं दिलेल्या संगीतावर वेगळा हक्क असू शकतो.

डब केलेली प्रत चालेल?

नाही.

खोली आणि उपकरणं?

पडदे जाड हवेत. कृष्णधवल भयपटात काळ्या रंगाच्या आतही तपशील असतो, तो अर्धवट उजेडात दिसत नाही. स्पीकर प्रोजेक्टरचा आतला नको, वेगळा आणा. आणि आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच यंत्रावर पहिली पाच मिनिटं लावून बघा.

लिहायला काय द्यावं?

परीक्षण मागू नका, कथासार मिळेल. एक मिनिट निवडायला सांगा आणि त्याचा तक्ता मागवा: शॉट क्रमांक, किती सेकंद, कॅमेरा किती लांब, काय ऐकू येतं, काय दाखवलेलं नाही. शेवटचा रकाना भरताना सगळ्यांची तारांबळ उडते. मी गुण बहुतेक तिथेच देते.

मला स्वतःलाच भयपट बघवत नाहीत. तरी शिकवू का?

शिकवा. तयारी करताना दिवसा, खिडक्या उघड्या ठेवून, आवाज बंद करून बघा. ‘द हाँटिंग’ मी पहिल्यांदा असाच पाहिला होता. दोन बायका पलंगावर एकमेकींना बिलगून दाराकडे बघतायत, दार बंद, बाकी काही नाही. मग संध्याकाळी आवाज लावून तेच दृश्य पाहिलं, आणि अर्ध्यात उठून दिवा लावला.